ओपलने धुतलेला डॉलर

कार्सन सिटीच्या नाणेसंग्राहक मंडळात मर्ल स्टँडिफरचा शब्द शेवटचा असे, कारण त्याच्याकडे १८८९चा चांदीचा डॉलर होता. त्या साली गावच्या टांकसाळीत असे डॉलर थोडेच पडले, आणि पुढे त्यातलेही बरेच वितळवले गेले. मागच्या बाजूला गरुडाखाली 'सीसी' ही दोन चिमुकली अक्षरं, ती गावची खूण. सगळी किंमत तिची. मर्ल ती भिंगातून दाखवायचा. हात मात्र कुणाला लावू द्यायचा नाही.

शनिवारी मंडळाचं प्रदर्शन होतं आणि मर्लचं भाषण. सकाळी तो केस कापायला गेला. टेबलावरचा तो काळवंडलेला डॉलर त्याच्या बायकोला, ओपलला, बघवेना. चारचौघांत नवऱ्याची शोभा नको म्हणून तिने तो गरम पाण्यात भिजत घातला आणि खायचा सोडा लावून लख्ख घासला.

मर्ल आला आणि त्याला तो चकाकता डॉलर दिसला. जुन्या नाण्याचा काळपटपणा हीच त्याची अब्रू असते, ती तू धुऊन टाकलीस, असं त्याने तिला बराच वेळ सुनावलं.

"झालं बोलून?" ओपल म्हणाली. "आता मला सांग, ही अक्षरं पाण्यात सुटी होतात का?"

तिच्या तळहातावर मोहरीएवढे दोन 'सी' होते. मर्लने भिंग लावलं. गरुडाखाली अक्षरांच्या जागी नुसता डिंकाचा डाग. खूण नाही, म्हणजे डॉलर फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतला होता; तिथल्या डॉलरवर अक्षरं नसतात. तसले पायलीचे पन्नास मिळतात.

बावीस वर्षांचा रुबाब एका वाडग्यात विरघळला होता. मर्लने भिंग पुसून खिशात ठेवलं. मग उठून त्याने टाय बांधला.

सभागृहात त्याने डॉलर आणि ते दोन 'सी' शेजारी शेजारी मांडले आणि बनावट नाणं कसं ओळखावं यावर असा काही बोलला, की जणू ते त्याने मुद्दामच भिजवलं होतं. टाळ्या मात्र तुरळकच पडल्या. मंडळाचा खजिनदार हार्लन टिबेट्स कॉफी न घेताच घरी गेला. त्याच्याकडेही १८८९चाच डॉलर होता.

रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर हार्लन, आणि त्याच्यामागे मंडळाचे आणखी तिघे. प्रत्येकाच्या हातात रुमालाची छोटी पुरचुंडी.

"या, आत या," मर्ल ऐटीत म्हणाला. "भिंग आणतो."

"तू बस रे," हार्लन म्हणाला. "ओपल आहे ना घरात? पाणी किती गरम लागतं, ते विचारायचं होतं."