भरतीचा फोन

माझा एक गुण आधीच सांगून टाकते: मला कुणी गुंडाळू शकत नाही. चार वर्षं फरशांच्या दुकानात विक्रीला आहे मी. समोरचा काय खपवायला बघतोय, हे मला त्याच्याआधी कळतं. त्यामुळे सैन्यात अधिकारी व्हायचं मनात आलं, तेव्हा भरती केंद्रातल्या माणसांची मला मुळीच धास्ती वाटली नाही. मी प्रश्नांची यादी केली. एकूण सव्वीस प्रश्न. पहिल्या भेटीत कशावरही सही करायची नाही, हेही ठरवून टाकलं.

घरी मात्र चकार शब्द काढला नाही. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. एखादी गोष्ट पटली नाही की ते वाद घालत नाहीत, डोळ्याला भिंग लावून बसतात. बाबांनी भिंग लावलं की आईला रडू येतं आणि आई रडली की शेजारच्या इमारतीतून आत्या येते. आत्या सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होती, शेवटची नऊ वर्षं मेट्रन. ती निवृत्त झाल्यापासून आमच्या घरात कुणाची साधं शिंकायचीही हिंमत होत नाही.

सोमवारी गोदामात माल मोजायचाय असं सांगून मी घराबाहेर पडले.

भरती केंद्र म्हणजे एका बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. मला वाटलं होतं, आत कुणीतरी गरजणारा माणूस भेटेल. भेटले ते मेजर हळू आवाजात बोलणारे, टक्कल पडलेले. त्यांनी मला चहा दिला आणि यादी वाचा म्हणाले. नेमणूक कुठे हवी ते सांगता येतं का? सांगता येतं, ते म्हणाले, पण कुणी ऐकत नाही. सुट्टी मिळते का? मिळते, पण हवी तेव्हा नाही. माझी सगळी तयारी थापा पकडायची होती. हा माणूस खरंच बोलत सुटला तेव्हा माझ्यापुढे इलाजच उरला नाही. अकराव्या प्रश्नाला मी त्यांच्याच पेनानं अर्ज भरत होते.

अर्जात रक्तगटाची जागा कोरी राहिली, कारण मला तो आठवेना. मग मला प्राथमिक तपासणीसाठी आतल्या खोलीत पाठवलं आणि बाहेरच्या हवालदारांनी, अतिशय कर्तव्यदक्ष माणूस, अर्जावरच्या घरच्या नंबरला फोन लावला. त्यांना सर्दी झाली होती. फोन आईनं घेतला.

पुढचं मी दोन्ही बाजूंकडून ऐकून जुळवलंय. हवालदार म्हणाले, भरतीतून बोलतोय, तुमची मुलगी आमच्याकडे आहे. आईनं विचारलं, भरती केलंय का तिला? ते म्हणाले, अजून नाही, ते मेजर ठरवतील. आईला ऐकू आलं की प्रकरण मेजर आहे. तिनं कसंबसं विचारलं, आता कशी आहे? ते म्हणाले, डोळे बघून झालेत, छातीचा फोटो बाकी आहे, आणि तेवढा रक्तगट सांगा, लगेच लागणार आहे.

आईच्या हातून फोन गळून पडला.

आत्यानं येऊन तो उचलला, पत्ता लिहून घेतला. बाबांनी दुकानाचं शटर ओढलं, पण गिऱ्हाइकाचं घड्याळ तसंच हातात राहिलं. अर्ध्या तासात तिघंही भरती केंद्रात हजर. आईकडे उशी, चादर आणि माझे धुतलेले कपडे. आत्याच्या काखेत माझ्या जन्मापासूनच्या आजारपणांची फाइल.

आत्यानं थेट मेजरांचं टेबल गाठलं. "पेशंट कुठंय?"

"कोण पेशंट?" मेजर म्हणाले.

"हे उत्तर मी पस्तीस वर्षं लोकांना देत आलेय. मला देऊ नका."

नेमकी तेव्हाच मी अनवाणी, वजन करून, आतून बाहेर आले. आईनं मला मिठी मारली आणि मिठीतच माझी हाडं चाचपली. आत्यानं पर्समधून टॉर्च काढून माझ्या डोळ्यांत मारला. मी सांगत होते की मला काही झालेलं नाही आणि प्रत्येक वाक्यागणिक त्यांची काळजी वाढत होती. मेजरांनी खुर्च्या मागवल्या, हवालदार भिंतीला चिकटले आणि हळूहळू सगळा उलगडा झाला.

मग जी शांतता पसरली, तिच्यापेक्षा खरोखरचा अपघात परवडला असता.

बाबांनी टेबलावरचा माझा अर्ज उचलला. कपाळावरचं भिंग खाली ओढून सगळा वाचला, मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट. मग मेजरांना विचारलं, तिला काही झालं तर घरी कळवता ना?

"कळवतो," मेजर म्हणाले. "कसं कळवतो, ते आज बघितलंतच. त्याबद्दल माफी मागतो."

बाबा हसले. मग माझ्याकडे वळले. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही भिंग लावून बसाल म्हणून."

त्यांनी भिंग काढून खिशात टाकलं. "आता सांग."

पाठ केलेली मोठमोठी वाक्यं होती माझ्याकडे, पण ऐन वेळी एकही आठवलं नाही. मी म्हणाले, "बाबा, चार वर्षांत त्या दुकानात मी एकदाही दमले नाही. मला एकदा दमायचंय."

आईनं उशी पोटाशी घट्ट धरली होती. शेवटी बाबांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला. "रक्तगट लिही. बी पॉझिटिव्ह."

या सगळ्यात आत्या कुठे गेली, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ती आतल्या तपासणीच्या खोलीत होती. उंची मोजायची पट्टी एक सेंटिमीटर वर ठोकलीय, हे तिनं तिथल्या तरुण डॉक्टरांना दाखवून दिलं होतं. चादरी बदलायला लावल्या होत्या, औषधांचं कपाट लावून दिलं होतं आणि हवालदारांना वाफ घ्यायला बसवलं होतं. डॉक्टर वही घेऊन तिच्या मागेमागे फिरत होते.

महिन्याभरात केंद्रातून पुन्हा फोन आला. आम्ही सगळे दचकलो. फोन आत्यासाठी होता. कंत्राटी जागा होती, वयाची अट शिथिल. दुसऱ्या दिवशी ती कामावर रुजू झाली.

मी लेखी परीक्षा पास झाले. निवड मंडळानं मात्र पुढच्या वर्षी या म्हणून परत पाठवलं. बाबांनी मला पहाटे पाचचा गजर लावलेलं घड्याळ आणून दिलं आणि मी वर्षभर धावले.

गेल्या गुरुवारी पुन्हा तपासणीला गेले. पट्टीखाली ताठ उभी राहिले, श्वास रोखून. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटातल्या मेट्रनबाईंनी अर्धा सेंटिमीटरसुद्धा पदरचा दिला नाही. आकडा लिहिला आणि मान वर न करता विचारलं, "नाव?"

माझं नाव तिनंच ठेवलंय. मी ते आडनावासकट सांगितलं.