फरच्या कोटाचा जाहीर सत्कार

कोल्हापुरातल्या एका फरच्या कोटाला यंदा चित्रपटांतला जीवनगौरव मिळाला. शपथेवर सांगतो, पहिल्या रांगेत बसून पाहिलंय. म्हणजे पहिली रांग समितीची होती, मी सातव्या रांगेत होतो; आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी इचलकरंजीत होतो. पण म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

निवड रीतसर झाली. कोटाचे चित्रपट सव्वीस भरले. तो अंगावर घालणाऱ्या चंपावती शिरोळकर यांचे अकराच, म्हणून त्या मागे पडल्या. अकराही चित्रपटांत चंपाबाई खलनायिका. भर मे महिन्यात, कापसाच्या बर्फात, तो कोट घालून नायकाला नादी लावायचं आणि शेवटच्या रिळात मरायचं. श्रेयनामावलीत ‘आणि इतर’. आपलं नाव चारचौघांत पुकारलेलं ऐकायला बाईंचे कान पंचेचाळीस वर्षं टवकारलेले होते.

समितीचे कार्यवाह इंगवले सर घरी आले, तेव्हा बाईंनी चहात दूध जास्तच घातलं.

“अडचण अशी आहे बाई,” सर म्हणाले. “नियम सहा. शाल खांद्यांवरच घालायची. कोटाला खांदे नाहीत. हँगरवर घातली तर लोक लेखी हरकत घेतात. तेव्हा आपले खांदे उसने मिळाले तर...”

“नुसते खांदे?”

“मान आली तरी चालेल. बोलायचं मात्र नाही.”

“आणि नाव?”

“पत्रिका छापून झाल्यात ओ.”

“अकरा वेळा मेले मी त्याच्यात! हा एकदा तरी मेला का?”

तरी बाईंनी होकार दिला.

समारंभाला कोट पेटीतून निघाला आणि बाईंच्या अंगावर चढला. “सुटलात बाई,” तो म्हणाला.

“तुझे केस बघ आधी. शेवटी सशाचाच तू. आयुष्यभर मिंक म्हणून मिरवलास.”

“तुम्ही तरी कुठे पॅरिसच्या होता?”

अध्यक्षांनी मानपत्र वाचलं. कोटाची जीवघेणी चाल, कोटाच्या डोळ्यांतली धुंदी.

“डोळे?” बाई पुटपुटल्या.

“गप्प बसा,” कोट म्हणाला. “माझा सत्कार चाललाय.”

अध्यक्षांनी शाल उचलली. बाईंनी शांतपणे हूक काढले आणि कोट पायाशी ढीग होऊन पडला. इंगवले सरांनी नियमावली उघडली. शाल खांद्यांवरच. मंचावर बाकी सगळ्यांच्या खांद्यांवर उपरणी होती. मोकळे खांदे दोनच. शाल तिथे गेली. मग नियम सात: शाल ज्याच्या खांद्यांवर, त्याचं नाव पुकारावं.

“श्रीमती चंपावती शिरोळकर,” सर माईकवर म्हणाले.

“ऐकू नाही आलं ओ सर. परत एकदा.”

“बाई,” खालून कोट म्हणाला, “निदान माझी घडी तरी घाला.”

यातलं फक्त एक मी पदरचं घातलंय: नियम सात. समितीचे नियम सहाच आहेत. म्हणून तिथे न पुकारलेलं ते नाव इथे छापून टाकलं. कोटाची हरकत नाही, विचारून घेतलंय.