डॉक्टरबाईंची मोटर

दत्तोबांची कवळी डॉक्टर करुणा यांच्या हातात होती, दत्तोबा खुर्चीत होते, आणि नेमकी तेव्हाच कवळी घासायची मोटर बंद पडली.

लोणी भापकरच्या त्या दवाखान्यात सकाळपासून वीज नव्हती. ती मेहेरबानी करून आत्ता आली होती. नवी कवळी हिरडीला टोचत होती. तेवढा कोपरा घासला की काम संपलं. पण दत्तोबांना घाई होती. पिंपळीला व्याह्यांनी बोकड कापला होता, आणि खरं सांगायचं तर दत्तोबांनी दात करून घेतले होते ते या मटणासाठीच.

बाईंनी पायाखालचं पेडल दाबलं. मोटर गुरगुरली, कवळीला टेकली आणि थांबली. बाईंनी पेडलची वायर हलवली, प्लग काढून घातला, घासायचा दगड घट्ट बसवला, फ्यूज पाहिला. मोटर मोकळी फिरे. कवळीला टेकवली की ठप्प.

"काय वो हे?" दत्तोबा बोळक्या तोंडानं कडाडले. "येवढं पुण्याला जाऊन शिकलात, अन् येक मोटर धड न्हाय? तितं ताटं मांडली असतील!"

"आबा, बघतेय ना मी! ओरडल्यानं मोटर फिरती का?"

दत्तोबांनी दारात जाऊन एका सायकलवाल्याला अडवलं. "बिरूला धाड! डॉक्टरबाईंची मोटर अडकलीय म्हणावं!"

आमच्या भागात मोटर म्हणजे एकच, विहिरीतली. त्यामुळं बिरू मेकॅनिक साखळी, कप्पी आणि दोन दांडगे गडी घेऊन हजर झाला.

"बाई, हीर कुठं हाय?"

बाईंनी संतापून ती गाजराएवढी मोटर त्याच्या नाकापुढं धरली.

"ही? किती हॉर्सपावर?"

उत्तर देण्याच्या आधी बाईंचं लक्ष वर गेलं. पंखा रेंगाळत होता, बल्ब लाल पडला होता. त्या उसळल्याच. "मोटर चांगली आहे! व्होल्टेजच नाही! आपल्या ट्रान्सफॉर्मरवर कुणीतरी मोठी मोटर चालवतंय. ती बंद करा, लगेच कवळी देते."

"कोण हाय त्यो?" दत्तोबांचा पारा चढला. "लोकाच्या तोंडचा घास काढतोय! चल रं बिरू, दावतो त्याला!"

ओढ्याकाठच्या विहिरी धुंडाळत दोघं तावातावानं निघाले. एक बंद. पुढची बंद. त्यापुढच्या विहिरीवर मात्र पाणी धो धो उसाच्या सरीत पडत होतं. दत्तोबा थबकले. ऊस त्यांचा होता. मोटरही त्यांचीच, वीज आली की आपोआप चालू व्हावी म्हणून त्यांनीच ऑटोवर टाकलेली.

त्यांच्या पत्नी बानूबाई दारं धरत, सरीसरीला पाणी फिरवत होत्या. नवऱ्याचा हात स्टार्टरकडं जाताना दिसला आणि त्यांनी खोरंच उगारलं.

"बंद करून तर बघा! ऊस करपायला लागलाय. परत लाईट कवा येतीय, ठावं हाय का?"

दत्तोबांनी उसाकडं पाहिलं. मग गालावरून हात फिरवला.

"बिरू," ते हळूच म्हणाले, "बाईंना सांग, सापडली न्हाय म्हणून."

दुपारी पिंपळीत व्याही सावळाराम स्वतः वाढायला आले. मटणाच्या निवडक फोडींनी भरलेली पळी बघून दत्तोबांनी बोळकं तोंड मिटून ताटावर आडवा हात धरला.

"फोडी नको. माझा उपास हाय."

"अरं द्येवा! मग आता काय वाढू?"

"रस्सा वाढा," दत्तोबा चिडून म्हणाले, "रस्सा चालतोय उपासाला!"