भोईटेभाऊजींची झोप लोणंदला गेली त्याची हकीगत

"शालन भोईटेनं नवऱ्याला गोधडीत शिवलं आणि ती गोधडी लोणंदला..." एवढंच मला ऐकू आलं आणि कानड्यांनी गिरणी सुरू केली.

त्या आवाजात बायकांची तोंडं हलताना दिसत होती, शब्द एकही कळत नव्हता. मी दोनदा ओरडून विचारलं, "लोणंदला काय?" एकीनं माझ्या डब्याकडं बोट दाखवून "ज्वारी" असं काहीतरी सांगितलं. अर्धी बातमी घेऊन घरी जायला मला जमत नाही. डबा नंबराला लावला आणि तशीच भोईट्यांच्या दारात गेले. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे, त्यामुळं माझं कुणाला नवल वाटलं नाही.

भाऊजी ओट्यावर बसले होते. आख्खे. हात, पाय, चष्मा, सगळं जागच्या जागी.

"या वहिनी. चौकशीला?" ते म्हणाले.

"छे हो. साखर मागायला आले होते."

"वाटी?"

वाटी आणायची राहिली होती. मी विषय बदलला आणि त्यांच्याकडं नीट पाहिलं. डोळे लालभडक झाले होते. हातातला चहाचा कप बशीवर ठेवताना त्यांनी तो तीनदा बशीच्या बाहेर ठेवला.

शालन आतून आली. "ताई, काय ऐकून आलात ते सांगा, म्हणजे मला पहिल्यापासून सांगायला नको."

"तू ह्यांना गोधडीत शिवलंस."

"ह्यांना नाही. ह्यांची झोप."

"असं नीट सांग की," मी म्हटलं आणि पाट ओढून बसले.

शालनची गोधडी फलटणपासून लोणंदपर्यंत माहीत आहे. माझ्या दोन्ही नातींची दुपटी, देवघरातलं आसन, मिक्सरवरची टोपी, सगळं तिच्याच हातचं. आता गोधडी शिवायची म्हणजे जुन्या सुती साड्यांचे पदर एकावर एक अंथरायचे आणि कडेकडेनं टाके घालत, एकात एक फेऱ्या घेत मध्यावर यायचं. पण खालचे पदर सरकतात. म्हणून बाकीच्या बायका मधोमध पाटा ठेवतात, नाहीतर पाण्यानं भरलेली कळशी. शालन नवरा ठेवते. भाऊजी पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. चौतीस वर्षं त्यांनी वेळीअवेळी उठून लोकांच्या शेताला पाणी सोडलं. निवृत्त झाल्यापासून जेवण झालं की खाली जी गोधडी अंथरलेली असेल तिच्यावर ते आडवे होतात. वजन चौऱ्याऐंशी किलो. कळशीसारखे सांडत नाहीत, आणि गरम असल्यामुळं सुरकुत्याही बसतात.

शालन टाके घालते ते त्यांच्या श्वासावर. श्वास आत गेला की सुई खाली, बाहेर आला की सुई वर. तिचा प्रत्येक टाका दुसऱ्याएवढा का असतो, हे पुष्कळ जणी विचारून गेल्या. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही, याचं मला त्या दिवशी जरा वाईट वाटलं.

"एकच पथ्य असतं," शालन म्हणाली. "हात ह्यांच्यापर्यंत आला की ह्यांना उठवायचं, पाणी द्यायचं, आणि मधल्या फेऱ्या मनाशी मोजत घालायच्या. झोपलेल्या माणसाच्या श्वासावर शेवटची गाठ मारायची नाही."

"आणि तू मारलीस."

"लोणंदच्या नेवसेकाकूंची गोधडी होती, त्यांची गाडी दोन तास आधी आली. ड्रायव्हर दारात उभा. मी ह्यांना तसंच फरशीवर लोटलं. हे तिथंही घोरत होते. त्या घोरण्यावर मी मधल्या पाच फेऱ्या घातल्या, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. गाडी गेली. हे चार वाजता उठले, ते आज अकरावा दिवस, डोळ्याला डोळा नाही."

"गोळी घ्यायची."

"डॉक्टरांनी तपासलं," भाऊजी म्हणाले. "गोळी आत असलेली झोप वर काढते म्हणाले. आत नसेल तर गोळीचा उपयोग नाही. चांगला माणूस आहे. खोटी आशा लावत नाही."

अकरा दिवसांत भाऊजींनी कॉलनीतले सगळे गळके नळ दुरुस्त केले होते. गळत नव्हते तेही केले होते आणि ते आता गळत होते. पण शालननं मला स्वयंपाकघरात नेलं तेव्हा तिचा आवाज बदलला.

"ताई, काल मी ताट वाढलं तर मला म्हणाले, बाई, तुम्ही कोण? थोड्या वेळानं ओळखलं. पण वेळ लागला." तिनं मला एक उशीचा अभ्रा दाखवला. टाके एक लांब, एक आखूड, जसे कुणी परक्या बाईनं घातलेत. "हे जागे असले की माझा हात चालत नाही. पण हाताचं जाऊ दे. अजून आठ दिवस असेच गेले तर हे मला ओळखणारच नाहीत."

मी घरी जाऊन आमच्या ह्यांना सांगितलं. हे निवृत्त तलाठी आहेत. ऐकून घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "प्रकरण कागदावर घ्यायला पाहिजे." मग भोईट्यांकडं येऊन त्यांनी लिहून घेतलं: झोप, एक. वर्णन, दुपारची, गाढ, आवाजासह. सध्याचा ताबा, श्रीमती नेवसे, लोणंद.

"फोन केला होता का?"

"केला," शालन म्हणाली. "गोधडी फार छान झालीय म्हणाल्या आणि ठेवून दिला."

"याचा अर्थ त्यांना कल्पना आहे," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एस.टी.नं लोणंदला गेलो. मला कुणी चल म्हणालं नव्हतं, पण चटणीभाकरी मीच बांधून घेतली होती, मग कोण नको म्हणणार?

नेवसेकाकूंनी दार पूर्ण उघडलं नाही. "हळू बोला," म्हणाल्या. आतल्या खोलीत कॉटवर त्यांची लेक पूर्वा, बाळंतपणाला आलेली, भिंतीला टेकून पेंगत होती. तिच्याशेजारी आपली गोधडी, म्हणजे शालनची, आणि तिच्यावर दीड महिन्याचं बाळ उताणं झोपलेलं. घोरत होतं. लहान आवाजात, पण चाल भोईटेभाऊजींचीच. पाच वर्षं मी भिंतीपलीकडून ती ऐकलीय, मी कागदावर सही करून सांगेन.

"हा माझाच," भाऊजी म्हणाले.

"गोधडी आमची आहे," नेवसेकाकू म्हणाल्या. "साड्या माझ्या आईच्या आहेत."

"गोधडीबद्दल वाद नाही," आमच्या ह्यांनी कागद उघडला. "गोधडी तुमची. झोप यांची. शिवणकामात झोप धरलेली नव्हती."

"मग आधी सांगायचं होतं! जन्मल्यापासून ह्या पोरानं सलग अर्धा तास डोळा मिटला नव्हता. माझी लेक उभ्या उभ्या रडायची. गोधडी आली त्या दिवशी पहिल्यांदा झोपला. पहिल्यांदा आम्ही तिघी... मी, ही आणि कामवाली, बसून जेवलो. आता ती झोप काढून नेता? मी काय सांगू हिला?"

पूर्वानं डोळे उघडले होते. तिनं गोधडीची कड मुठीत धरली.

आमचे हे कागद पुन्हा वाचू लागले. कागदावर पुढं काही नव्हतं.

शालन कॉटजवळ खाली बसली आणि गोधडीच्या मध्यावर बोटं फिरवू लागली. बाळाच्या पायाखालून, कुशीखालून. "ही पहिली फेरी. ही नुसती गाढ आहे. दुसरीत घोरणं चढलं. तिसरीत कूस बदलली, बघा, इथं टाका वळलाय. चौथीत स्वप्न पडलं असावं, हात गेट फिरवत होता, कालव्याचं असेल." मग तिचं बोट थांबलं.

"आणि पाचवीत?" नेवसेकाकूंनी विचारलं.

"पाचवीत ह्यांनी माझं नाव घेतलं."

भाऊजी पंख्याकडं पाहू लागले. मी भोईट्यांच्या शेजारी पाच वर्षं राहते. भाऊजी बायकोला "अगं ए" म्हणतात, आणि लोकांत असले तर तेही म्हणत नाहीत.

"ती फेरी मी सोडणार नाही," शालन म्हणाली. "बाकीचं ह्यांनी ठरवावं. झोप ह्यांची आहे."

भाऊजी कॉटजवळ गेले. बाळानं झोपेत पाय झाडला, भाऊजींनी आपला हात मध्ये धरला आणि तो पाय हातावर बसला. मग आमच्या ह्यांना म्हणाले, "लिहा. चार फेऱ्या त्याला. त्याला अजून वाढायचंय. एक मला."

"एकीत भागेल तुमचं?" नेवसेकाकूंचा आवाज आता खाली आला होता.

"पाटकरी होतो, काकू. थोडं पाणी पुरवून वापरायची सवय आहे."

नेवसेकाकूंनी पदरानं डोळे टिपले आणि कात्री आणून दिली. पण कात्री चालणार नव्हती. झोप काढायची ती ज्या श्वासावर घातली त्याच चालीनं, झोपलेल्या माणसाच्या श्वासावर काढावी लागते, नाहीतर ती हाताला लागत नाही. आणि तिथं झोपलेलं एकटं बाळच होतं. शालननं बाळाच्या श्वासावर पाचवी फेरी उसवली. तो श्वास छोटा आणि भराभर, तिची बोटं चिमणीच्या चोचीसारखी हलत होती. बाळ एकदा कुरकुरलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच श्वास रोखून धरला. मग ते पुन्हा घोरू लागलं. दोरा तिनं रिकाम्या रिळावर गुंडाळला आणि भाऊजींच्या मुठीत दिला. परत येताना एस.टी.त त्यांनी खिडकी उघडू दिली नाही.

घरी आल्या आल्या शालननं तो दोरा त्यांच्या उशीच्या अभ्र्याला चहूबाजूंनी घातला. भाऊजींनी डोकं टेकलं. मी मनात मोजत होते, तीनपर्यंत पोहोचले नाही. सोळा तास झोपले. उठले आणि म्हणाले, "अगं ए, चहा." शालन चूल आणि चहा सोडून भिंतीकडं तोंड करून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा टाकला.

आता भाऊजी रोज झोपतात. मात्र दर अडीच तासांनी उठतात, इकडंतिकडं पाहतात, आणि गरम दूध मिळालं की पुन्हा झोपतात. थोपटलं तर लवकर झोपतात. आमच्या ह्यांनी कागदावर खाली नोंद केली: उसवताना किरकोळ मिश्रण झाल्याचे दिसते. नेवसेकाकूंचा फोन येतो. बाळ छान आहे, वजन वाढतंय. परवा झोपेत हात फिरवत कुणाला तरी दटावत होतं, शब्द कळले नाहीत, पण सूर सरकारी होता म्हणाल्या. तक्रार नाही, नुसतं कळवलं.

गिरणीत मला बायकांनी विचारलं, "खरंय का गं?" मी कानड्यांना गिरणी बंद करायला लावली आणि सांगितलं: शिवलं हे खरं, पण आख्खं नाही, पाच फेऱ्या, त्यातली एक परत आलीय. लोणंदला गेले हेही खरं, पण एस.टी.नं, आणि संध्याकाळच्या आत घरी. बायकांचं एवढ्यावर समाधान झाल्यासारखं दिसलं नाही, पण जेवढं खरं आहे तेवढंच मी सांगणार.

तिथून मी पिठाचा डबा घेऊन परस्पर भोईट्यांकडं गेले. नवी गोधडी अंथरलेली होती आणि मधोमध भाऊजी, दोन्ही मुठी कानांजवळ मिटून, गाढ. शालन कडेच्या फेरीत होती. मी तोंड उघडणार एवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं. भाऊजींच्या चेहऱ्यावर हसू येत होतं, एका गालाकडून दुसऱ्या गालाकडं, हळूहळू.

"थांबा ताई," ती कुजबुजली. "सटवाई हसवतेय, तान्ह्या बाळाला हसवते तशी."

मी डबा न वाजवता खाली ठेवला. आम्ही दोघी बसून राहिलो. हसू विरलं, श्वास जागेवर आला, आणि शालननं सुई खाली घातली.