खालच्या मजल्यावरचे आबा

चष्मा घरी ठेवायचा, एवढंच मी ठरवलं होतं. पुढे जे झालं ते माझ्या ठरवण्यातलं नव्हतं, पण घरात कोणी ऐकत नाही.

चष्म्याची एक काडी मोडली होती, तिथे मी काळा दोरा गुंडाळला होता. दोरा पक्का होता. पण धुळ्याला नातीच्या लग्नाचा बस्ता होता, विहीणबाई समोर बसणार, आणि मुलीचा आजा दोऱ्याने बांधलेला दिसला तर बरं नाही, असं मला वाटलं. (माझं नाव सुकदेव. धरणगावजवळच्या आमच्या गावात सगळे आबा म्हणतात. शाळा तिसरीपर्यंत. पुढची मास्तरांनाच नको झाली.) झुंबरबाई, म्हणजे आमची मंडळी, दारातच म्हणाली, "चष्मा घाली ल्या. तठे जाईसन कोनले बी कोन समजशात."

(म्हणजे, तिथे जाऊन कोणालाही कोणीही समजाल. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. इथे सगळ्यांचं सोपं करून लिहितोय. झुंबरबाईचं बोलणं मात्र सोपं करता येत नाही, चोपन्न वर्षं करून पाहिलं.)

"साड्या बायकांनी बघायच्या," मी म्हणालो. "मला नुसतं बसायचं आहे."

पण बसता आलं नाही. पारोळ्याला चहासाठी गाडी थांबली तेव्हा दिपमाला, माझी नात, हळूच जवळ आली.

"आबा, ते शालू लाल घेतील. त्यांच्याकडे सगळ्यांना लालच लागतो. मला मोरपंखी पाहिजे."

"मग सांग तसं."

"मी कशी सांगू? म्हणतील, आत्ताच बोलते, पुढे काय करेल. आणि पप्पा त्यांच्यापुढे 'हो हो' सोडून काही बोलत नाहीत. तुम्हीच बोला ना."

"हो हो," शेजारी उभा असलेला माझा मुलगा प्रेमराज म्हणाला.

बँकेच्या परीक्षा देणारी पोरगी, फोनवर इंग्रजी फाडते, आणि साडीचा रंग सांगायला तिला आजा लागतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या तोंडामुळे या घराचं आजवर नुकसानच झालं, पहिल्यांदा कोणी त्याचा उपयोग मागत होतं. मी तिला शब्द दिला. एकदा साडी उचलली की आयुष्यभर फोटोत तीच राहणार, एवढं मलाही कळतं.

आता बाहेरगावच्या लोकांसाठी सांगतो. बस्ता म्हणजे नुसती साडीखरेदी नव्हे. दोन्हीकडची माणसं एका गादीवर समोरासमोर बसतात. नवरीचा शालू मुलाकडचे घेतात, आणि रुसणं-फुगणं काय असेल ते सगळं तिथेच उरकतं. ही माणसं साखरपुड्यात एकदाच भेटलेली. त्यातला कोण कोणाचा काका आणि कोण कोणाचा मामा, हे कोणालाच धड माहीत नसतं. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

दुकान तीन मजल्यांचं होतं. खाली गल्ल्यामागे वीतभर लाल अक्षरांची पाटी होती, म्हणून चष्म्याशिवायही वाचता आली. "एकदा विकलेला माल बदलून मिळणार नाही." मी मोठ्याने वाचली. (मी मोठ्यानेच वाचतो. मनात वाचायला शिकवण्याआधी शाळा सुटली.) झुंबरबाई ऐकून पुढे गेली.

आमची गादी तिसऱ्या मजल्यावर. पहिले दोन तास मानाच्या साड्यांमध्ये गेले. मामीची, मावशीची, आत्याची, मग आत्याच्या सासूची. खाजाभाई नावाचा विक्रेता एकेक साडी हवेत उडवायचा, आणि बायका ती जमिनीवर पडायच्या आत नाकारायच्या. दुकानदार दर अर्ध्या तासाने चहा पाजत होता. तिसऱ्या चहानंतर मला खाली जावं लागलं. संडास अगदी तळाला.

परत येताना गुडघे जिथे थांबले तो मजला आपला, असं मी धरलं. तीच पांढरी गादी, तोच साड्यांचा ढीग, कडेला तोच मोठा आरसा. माणसं मला धुरातून दिसावी तशी दिसत होती. टोप्या, पदर, पुन्हा टोप्या.

"या आबा, या," दोनतीन जण उठले. कोणी लोड पुढे सरकवला, कोणी चहा दिला. आमच्या गादीवर मला एवढा मान कोणी देत नाही, तेव्हाच खटकायला पाहिजे होतं.

"आपली पोरगी कुठे आहे?" मी विचारलं.

"ती काय, आरशापुढे."

आरशापुढे एक पाठमोरी पोरगी उभी होती. दुकानातली बाई तिच्या खांद्यावर लाल शालू लावत होती. समोर बसलेली जाडसर बाई म्हणाली, "लालच शोभतो हो. घेऊन टाकू?"

माझ्या अंगात दिपमालाचा शब्द उभा राहिला.

"लाल नको."

सगळ्या टोप्या माझ्याकडे वळल्या.

"का आबा?" ती बाई म्हणाली.

"लाल गॅसच्या टाकीला शोभतो. पोरीला मोरपंखी दाखवा."

"पण आबा," एक मिशीवाला गृहस्थ चाचरत म्हणाला, "पोरीला स्वतःला लाल…"

"पोरीला काय पाहिजे ते मला माहीत आहे. तिने मला सांगितलं आहे."

मिशीवाल्याने जाड बाईकडे पाहिलं, जाड बाईने मिशीवाल्याकडे पाहिलं. मला वाटलं, माझा वचक.

इथला विक्रेता म्हणाला, "आबा, चांगल्यातला मोरपंखी एकच नग आहे. तो वरच्या मजल्यावर दाखवायला नेलाय."

"मग आण खाली. हा लाल ने वर, ज्यांना पाहिजे त्यांच्या गळ्यात घाल."

तो आणायला गेला. तोवर मी वेळ फुकट घालवला नाही. मानाच्या साड्या उचकून सांगितलं, "या नेसायच्या साड्या नाहीत, या घरोघर फिरवायच्या साड्या आहेत." मागून एक बाई कोणाच्या तरी कानात कुजबुजत होती, तिला म्हणालो, "जे बोलायचं ते मोठ्याने बोला. आणि नीट ऐकून ठेवा, आज शालूत बोललो, उद्या पोरीच्या प्रत्येक गोष्टीत मी बोलणार." तेवढ्यात मोरपंखी आला आणि पोरीच्या खांद्यावर चढला. मी तिथल्या तिथे पावतीही करायला लावली. तिचे खांदे हलत होते. तिने दोनदा डोळे पुसले. मला वाटलं, आनंदाने. खरं सांगतो, मलाही भरून आलं.

साडी पसंत झाली की नवरी मोठ्यांच्या पाया पडते. ती वळली, आली आणि माझ्यापुढे वाकली. हातभर अंतरावरचं मला स्वच्छ दिसतं. हे नाक आमच्या घरातलं नव्हतं.

"तू कोण गं?"

"किरण," ती नाक ओढत म्हणाली.

"कोणाची?"

मिशीवाला पुढे झाला. पण तो माझ्याशी बोललाच नाही. जाड बाईला म्हणाला, "ताई, तुमच्या आबांची तब्येत बरी आहे ना?"

"आमचे आबा?" ती म्हणाली. "आम्ही तर तुमचे समजत होतो."

मग मघाशी कुजबुजणारी बाई, म्हणजे किरणची आई, पुढे सरकली. "म्हणजे हे तुमच्या शिरपूरच्या घरात राहत नाहीत?"

"नाही हो."

तिने एवढा मोठा श्वास सोडला की वरची साडी हलली. "मी आत्ता यांना म्हणत होते, बस्ता थांबवा, पोरीला पिंपळनेरला परत नेऊ. असा आजेसासरा असेल तर माझी पोरगी रोज रडेल."

"आणि मी म्हणत होते," जाड बाई म्हणाली, "असला आजा मागे लागून आला तर आपण काय करायचं."

मग दोन्हीकडचे हसायला लागले. विहिणींनी एकमेकींना टाळ्या दिल्या. कोणीतरी सगळ्यांसाठी कुल्फी मागवली. पंच्याहत्तर वर्षांत मी कोणाचा तरी आहे म्हणून कोणाला एवढा आनंद झाला नव्हता. आज कोणाचा नाही म्हणून झाला. (कुल्फी मला दिली नाही. मी मागितलीही नाही.)

किरण तेवढी हसत नव्हती. ती माझ्यापुढे तशीच बसली होती. हळूच म्हणाली, "मग आबा, आता मी लाल घेऊ का?"

तिने मला विचारलं. ज्याचा तिच्याशी काडीचा संबंध नाही, त्या माणसाला ती परवानगी मागत होती, इतकं मी तिला घाबरवून ठेवलं होतं. माझी मान वर होईना.

"घे बाई," मी म्हणालो. "मला काय विचारतेस."

"लाल तर वर गेला," विक्रेता म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर. त्यांनी पसंतही केला."

तिसऱ्या मजल्यावर कोण होतं, ते मला तेव्हा आठवलं.

वर गेलो. (त्या पायऱ्या मी मोजल्या, बावीस आहेत.) दिपमालाच्या मांडीवर लाल शालू होता आणि ती त्याचा काठ बोटाने सरळ करत बसली होती, काठ सरळच असून.

"कुठे होतात आबा?" ती हळू आवाजात म्हणाली. "मोरपंखी माझ्या समोर होता. मी तुमच्या वाटेकडे बघत होते. तेवढ्यात खालून कोणी हट्टी म्हातारा मागतोय म्हणून घेऊन गेले. मग यांनी हा घेतला. पावतीपण झाली."

तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

खरं तर मी गप्प बसलो असतो तर काहीच कळलं नसतं. हट्टी म्हातारे धुळ्यात पुष्कळ असतील. विहीणबाई कुंदाबाई समोर पान खात होत्या, सगळे खूश होते, शालूचा प्रश्न मिटला होता. मी धोतराचा सोगा दोनदा नीट केला.

"तो म्हातारा मी," मी म्हणालो. "मजला चुकलो. हिला मोरपंखी पाहिजे होता, म्हणून खाली दुसऱ्याच पोरीसाठी भांडलो. तिला हाच लाल पाहिजे होता. दोघींचं मीच वाटोळं केलं."

कुंदाबाईंचं पान तोंडातच थांबलं. प्रेमराज म्हणाला, "हो हो."

मग कुंदाबाई दिपमालाकडे वळल्या. "अगं, मग बोलायचं ना. आम्ही काय साडीवरून खाणार होतो तुला?"

एवढंच. एवढ्यासाठी मी पिंपळनेर आणि शिरपूरची सोयरीक मोडत आणली होती.

दिपमाला लाल घेऊन खाली गेली, मी मागे. दोघी पोरींनी एकमेकींकडे पाहिलं, किरणने मोरपंखी उचलला, हिने लाल पुढे केला. अर्ध्या मिनिटाचं काम. खाली गल्ल्यावर मालकाने मात्र पाटीकडे बोट केलं, दोन्ही पावत्या झाल्या आहेत, नियम म्हणजे नियम. आमच्याबरोबर खाली आलेला खाजाभाई त्याच्या कानाशी वाकला. "सेठ, बदलून द्या. नाहीतर आबा इथेच बसतो म्हणतात."

मालकाने मान वर न करता पावत्या बदलल्या.

निघताना जिन्यात झुंबरबाई म्हणाली, "तुमना आवाज वर येत व्हता." तिने ओळखला होता. पण आमची गादी इतकी शांत तिने कधी पाहिली नव्हती, म्हणून उठली नाही.

खाली गल्ल्यापाशी कुंदाबाईंनी तिला बाजूला घेतलं. विचारताना त्यांनी आवाज कमी केला, पण मला ऐकू चांगलं येतं, डोळ्यांचं तेवढं बिघडलं आहे.

"अक्का, राग मानू नका. हे आबा… नक्की आपल्याकडचेच ना?"

"आमनाच शेतस," झुंबरबाई म्हणाली. मग मालकाकडे वळली. "भाऊ, चोपन्न वरीस वापरेल माल बदली देतस का?"

मालकाने मला टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं, आणि पाटीकडे बोट दाखवलं.