पाटावरची बंदूक

खंडेनवमीला घरातली बंदूक पाटावर ठेवायची, तिला झेंडूचा हार घालायचा आणि नळीवर कुंकवाची बोटं ओढायची, हा कानडी मुलखातल्या नजरबादच्या त्या मराठी घरातला रिवाज खुद्द आजोबा सयाजीरावांपेक्षाही जुना. या वर्षी त्यात एवढीच भर पडली, की नव्या नावाच्या नातीनं बंदुकीचा फोटो नातलगांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

लगेच जयलक्ष्मीपुरमहून पुतण्याचा फोन आला. पुतण्या सुधींद्र वकील.

“काका, या बंदुकीचं लायसन कुठं आहे?”

“लायसन?” ब्याऐंशी वर्षांच्या सयाजीरावांनी मिशीला पीळ दिला. “माझ्या आज्जाला दरबारातून मिळाली रे ती. वरुणा गावच्या उसात वाघ मारला त्यानं. वाघानं विचारलं काय लायसन?”

“वाघ विचारत नाही, पोलिस विचारतात. आत बसवतील तुम्हाला!”

‘आत’ ऐकताच सयाजीरावांच्या बायकोच्या, अंबुबाईंच्या हातातली पळी तुपात बुडाली.

सुधींद्रनं समजावलं, “बंदूक घेऊन रस्त्यावर यायचं नाही. मी ठाण्यात कळवतो. ते घरी येतील, पंचनामा करतील, घेऊन जातील. आपण होऊन दिली की बाकीचं मी बघतो.”

तासाभरात सौम्या नावाची तरुण फौजदारीण हवालदाराला घेऊन दारात उभी राहिली. बोलणं सगळं कानडीत झालं, पण त्यातला गोडवा मराठीतही तेवढाच.

“चला आज्जी, बंदूक द्या.”

“घ्या की. पण उद्या,” अंबुबाई म्हणाल्या. “पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या उत्तरपूजेआधी उठवत नाहीत.”

“अय्यो आज्जी, कायदा आहे हा!”

“असू दे ना. तुमच्या ठाण्यातल्या बंदुका उठवल्या काय आज?”

ठाण्यातल्या साऱ्या बंदुकांना सकाळी सौम्यानंच कुंकू लावलं होतं.

“बरं, निदान पंचनामा तरी लिहून घेते. पेन द्या.”

सगळे पाटाकडं बघू लागले. पेनं पाटावर होती. नव्याच्या वह्या, तिच्या भावाचा, गगनचा, लॅपटॉप, सगळं हळदकुंकू लावून बंदुकीशेजारी मांडलेलं. हवालदाराचं पेन ठाण्यात पूजेला. समोरचे दुकानदार गुंडुराव म्हणाले, “डबाभर पेनं आहेत मॅडम, पण डबाच देवापुढं आहे.” मोबाइल तेवढे पूजेतून सुटले होते, कारण ते कुणाच्यानं खाली ठेववत नव्हते. त्यावरूनच सौम्यानं ठाण्यातल्या साहेबांना विचारलं.

साहेब म्हणाले, “इथं तरी कुठलं पेन? उद्या लिहा. पण बंदूक सोडून हलू नका.”

झालं! दोघं पाटाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून बसले. सयाजीरावांच्या बंदुकीला सरकारी पहारा बसला, ही बातमी गल्लीत फिरली आणि माणसं नारळ घेऊन दर्शनाला येऊ लागली. दर नारळामागे वरुणेचा वाघ हातभर वाढला. हवालदारानं तुपात भिजलेल्या ओबट्ट्यांचा, म्हणजे आपल्या पुरणपोळ्यांचा, बंदोबस्त केला.

सांजेला गर्दी ओसरली, तसे सयाजीराव सौम्याजवळ येऊन टेकले. मिशी उतरली होती.

“मॅडम, एक विचारू? पुढल्या वर्षी पाटावर काय ठेवू?”

सौम्यानं आपली खुर्ची त्यांच्याकडं वळवली.

“मी जन्मभर पोस्टात शिक्के मारले हो. ही होती, म्हणून वर्षातून एक दिवस तरी शिपायाच्या घराण्यातला वाटायचो.”

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली, पेन मिळालं, पंचनामा झाला. अंबुबाईंनी बंदूक आपल्या जुन्या शालीत गुंडाळून दिली, जशी काही तिला थंडी वाजणार होती. जीप सुरू झाली तेव्हा सयाजीरावांनी ताठ उभं राहून सलाम ठोकला. सौम्यानं जीपमधून उतरून सलाम परत केला, मग पुन्हा चढली. पुढं सुधींद्रनं कोर्टाच्या खेपा घातल्या. बंदूक सरकारजमा झाली, सयाजीराव घरीच राहिले.

वर्ष सरलं. खंडेनवमीला सौम्या ‘इथूनच चालले होते’ म्हणत आली. खरं तर तिला तो रिकामा पाट बघवणार नव्हता, आणि न बघताही राहवत नव्हतं.

पाट रिकामा नव्हता. त्यावर सयाजीराव बसले होते. गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर कुंकवाची बोटं, मांडीशी गगनचा लॅपटॉप.

“आज्जी, हे काय?”

“घरातलं जुनं हत्यार आता एवढंच उरलंय,” अंबुबाई म्हणाल्या. “चहाला उशीर झाला की अजून बार उडतो.”

सौम्यानं कमरेवर हात ठेवले. “लायसन आहे?”

अंबुबाईंनी पदराआडून मंगळसूत्र काढून दाखवलं. “बघून घ्या. साठ वर्षांचं आहे.”

फौजदारीणबाईंनी वाकून नीट बघितलं आणि मान डोलावली.

“तपासणी झाली असेल तर उठू काय गं?” सयाजीराव कळवळले. “पाय आखडले!”

“उद्या,” दोघी एकदम म्हणाल्या.