सहा ढेपांचा माणूस

किशनराव मापाडी लग्नाच्या पंगतीत बसले की यजमान घड्याळाकडे बघायला लागायचा. माणूस तसा भला, मानपानाची हौस नाही, कुणाच्या स्वयंपाकाला नाव ठेवणार नाही. पण मानवतच्या कापसाच्या जिनिंगचा सहाचा भोंगा वाजला की हातातला घास परत ताटात. मग तो घास ओठांपर्यंत पोचलेला का असेना.

एकदा आमच्याच गल्लीतल्या लग्नात वऱ्हाड दोन तास उशिरा आलं. पंगत बसायला साडेपाच वाजले. वरण-भात झाला, वांग्याची भाजी झाली, आणि बुंदीचा लाडू किशनरावांच्या पानापर्यंत यायला नेमका नको तेवढा वेळ लागला. त्यांनी लाडू उचलला, तोंड उघडलं आणि भोंगा झाला. किशनरावांनी तोंड मिटलं. मुलीचा बाप घाबराघुबरा होऊन समोर उभा राहिला.

"किशनराव, येवढा तरी खावा. काय चुकलं का आमचं?"

"काईच न्हाई चुकलं. लाडू लय झकास हाय," न खाताच त्यांनी प्रशस्तिपत्र देऊन टाकलं. "उद्या बाराच्या भोंग्याला खातो."

आणि लाडू कोटाच्या आतल्या खिशात गेला. हा काळा कोट निजामाच्या राजवटीत शिवलेला होता आणि वैशाखातल्या उन्हातही किशनरावांच्या अंगावरून उतरत नसे. त्याच्या दोन आतल्या खिशांत लाडू, भजी, एकदा तर अख्खी पुरणपोळी दुसऱ्या दिवसाच्या बाराची वाट पाहत बसलेली मी पाहिली आहे.

मी मानवतच्या हायस्कुलात गणित शिकवायला आलो, तेव्हा बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. किशनरावांच्या अंगणापलीकडची खोली मला भाड्याने मिळाली. घरात माणसं दोनच. पन्नाशीचे किशनराव आणि त्यांची आई सोनाबाई. तिला सगळी गल्ली सोनामाय म्हणे. किशनरावांची बायको लग्नानंतर चारच वर्षांत वारली होती, मूलबाळ नव्हतं. पुन्हा लग्नाचा विषय कुणी काढला की ते म्हणत, "एका घरात दोन बायांचं वजन मला तोलायचं न्हाई."

त्यांचं सगळं बोलणं वजनात चाले. मोंढ्यात ज्वारी, तूर, कापूस जो काही माल येई, तो तोलणं हे त्यांचं काम. शेतकरी लांबलांबून आपली गाडी त्यांच्याच काट्यावर आणत. अडत्याने डोळा मारला काय किंवा शेतकऱ्याने हात जोडले काय, किशनराव काट्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणत, "काटा खोटं बोलत न्हाई." हे वाक्य ते भाजीवालीला ऐकवत, कंडक्टरला ऐकवत आणि वर्गात नापास झालेल्या पोराच्या बापालाही ऐकवत. त्या बापाचा आणि काट्याचा संबंध काय, ते किशनरावांनाच ठाऊक.

खाण्याचा नेम मात्र एकच. दुपारी बाराचा भोंगा झाला की खायचं, संध्याकाळी सहाचा झाला की थांबायचं. मधल्या सहा तासांत दोनदा जेवण. बाकीचे अठरा तास पाणी, आणि फारच जीव कासावीस झाला तर कोरा चहा, तोही बिनसाखरेचा.

पावसाळ्यात जिनिंग बंद असे, म्हणजे भोंगाही बंद. त्या दिवसांत किशनरावांचा भोंगा मी. रविवारी बाराला पाच कमी असताना ते ताटापाशी मांडी घालून बसत. भाकरी मोडलेली, वर तेल-चटणी घेतलेली. मी दारात घड्याळ धरून उभा.

"झाले बारा," मी म्हणे.

"असं न्हाई, सर. भोंग्यावानी सांगा."

मग हायस्कुलातला गणिताचा शिक्षक भर गल्लीत दारात उभा राहून "भोंऽऽ" करी. समोरच्या घरातली माझी विद्यार्थिनी फिदीफिदी हसे. सोमवारी वर्गात शिस्त ठेवणं मला जड जाई.

हा नेम कशासाठी, हे मला सोनामायनेच सांगितलं. किशनराव चार वर्षांचे असताना तापाने हातचे जायच्या बेतात होते. तेव्हा तिने पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलला, की लेकरू जगलं तर त्याच्या वजनाइतका गूळ तुझ्या दारात वाटीन आणि तो माझ्या माहेरचा असेल. लेकरू जगलं. तिच्या भावाच्या शेतात गुऱ्हाळ होतं. त्याने शब्द दिला, बाई, तू कधीही ये, तुझ्या नवसाच्या सहा ढेपा माझ्याकडं ठेवलेल्या. सहा ढेपा म्हणजे बासष्ट किलो. चार वर्षांच्या पोराला तेवढ्यात चार वेळा तोललं असतं.

पण त्या वर्षी घरात आजारपण निघालं, पुढच्या वर्षी पाऊस नाही, त्याच्या पुढच्या वर्षी भाऊच वारला. पुढच्या सालाला बघू, पुढच्या सालाला बघू, असं करता करता लेकरू ब्याण्णव किलोचं झालं. भावाच्या मुलांनी सहा ढेपांचा शब्द पाळला होता, पण सातवी मागायला सोनामायची जीभ रेटेना. आणि विकतचा गूळ माहेरचा कसा होणार?

"मंग म्या त्याला म्हणलं," सोनामाय मला सांगत होती, "गूळ वाढायचा न्हाई, तर तू कमी हो."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला तेव्हा तिने हा हुकूम काढला होता. नवस आपल्या डोळ्यांनी फेडायचा होता तिला. किशनरावांनी तिच्या पायावर हात ठेवून भोंग्याचा नेम धरला.

दरवर्षी चैत्रात, नरसिंह जयंतीच्या आधी महिनाभर, मोंढ्यात त्यांची मोजणी होई. मोठ्या साखळ्यांच्या तराजूत एका पारड्यात किशनराव मांडी घालून बसत, दुसऱ्यात हमाल वजनं टाकत. पहिल्या वर्षी मी पाहिलं तेव्हा चौऱ्याऐंशी भरले. पुढच्या वर्षी त्र्याहत्तर. मोंढ्यात टाळ्या पडल्या. कुणी तरी कोट काढायला सांगितलं, तर किशनराव भडकले. "देवापुढं बी कोट घालूनच बसणार हाय. मंग आत्ता का काढू?"

घाईने काही नाही, हळूहळू. महिन्याला किलो, कधी त्याहून कमी. गाल बसले, पोट आत गेलं, कमरेच्या पट्ट्याला त्यांनी खिळ्याने नवीन भोकं पाडली. पुढच्या वैशाखात नवस फिटणार, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं.

त्या पावसाळ्यात सोनामाय तापाने आडवी झाली. दहा दिवस किशनराव मोंढ्यात गेले नाहीत. अकराव्या दिवशी ताप उतरला. मी भेटायला गेलो तर म्हातारी उशीला टेकून बसली होती आणि बोळक्या तोंडाने हसत होती.

"मी काय येवढ्यात मरत न्हाई, मास्तर. यम दारात आला तर म्हणीन, थांब रं बाबा, गूळ वाटायचा ऱ्हायलाय. नवस फिटला की मी सुटले बगा."

मी हसलो. किशनराव तिच्या पायांना तेल चोळत होते. ते हसले नाहीत.

पुढच्या चैत्रात काटा पासष्टला सरळ झाला. तीन किलो जास्त. मोंढा हळहळला. किशनराव पारड्यातून उतरत म्हणाले, "काटा खोटं बोलत न्हाई. पुढच्या सालाला बघू." पुढच्या सालाला पुन्हा पासष्ट. भोंग्याचा नेम तोच, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता, आणि वजन मात्र हटेना. लोक चक्रावले. "माझी हाडंच जड हायेत," किशनराव म्हणाले, आणि तराजूतून उतरता उतरता चक्कर येऊन पडले.

हमालांनी त्यांना उचलून ज्वारीच्या पोत्यांवर निजवलं. कुणी पाणी आणायला पळालं, कुणी कांदा. मी त्यांचा कोट काढला आणि माझा हातच खाली गेला. आतल्या खिशांत हात घातला. दोन खिसे, दोन लोखंडी वजनं, दोन-दोन किलोची.

किशनरावांनी डोळे उघडले. माझ्या हातातलं वजन त्यांनी पाहिलं आणि हमालांना म्हणाले, "मी बरा हाय. जावा तुमी. सर हायेत."

आम्ही दोघंच उरलो. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाचं पावशेर इकडचं तिकडं केलं नाही, तो शाळेत पकडलेल्या पोरासारखा पोत्यावर बसला होता.

"काटा खोटं बोलत न्हाई, सर," ते म्हणाले. "मी बोलायलोय."

"पण का?"

"मागच्या साली तीन किलोत भागलं व्हतं. औंदा चार लागले." त्यांनी नाक पुसलं. "माय काय म्हणाली, तुमी ऐकलं न्हाई का? नवस फिटला की सुटले म्हणती. ती सुटली तर मी कुणासाठी घरी जाऊ?"

मी चिडूनच म्हणालो, "मग जेवा की पोटभर! वजन आपोआप वाढेल. ही लोखंडं कशाला?"

"न्हाई. भोंग्याचा शब्द मायला दिलाय. त्यो मोडला तर मायशी खोटं. हे खिशात ठिवलं तर काट्याशी खोटं. काटा माझा हाय, मी बघून घेईन त्याचं."

हा हिशेब माझ्या गणितात बसणारा नव्हता. पण मी वाद घातला नाही. माझी आई गेली तेव्हा मी याच गावात वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होतो. तार दोन दिवसांनी पोचली. मी पोचलो तेव्हा अंगणात फक्त धुतलेली भांडी पालथी घातलेली होती. तिला आणखी एक वर्ष मिळणार असतं, तर मी काय काय खोटं बोललो असतो, ते माझं मला माहीत आहे.

वजनं परत ठेवताना मला दिसलं की खिशांना आतून दुहेरी कापड लावलेलं होतं, हिरव्या लुगड्याचं. टाके बारीक आणि दाट. "हे कुणी शिवलं?"

"मायनं. फाटले व्हते. तिला वाटतंय लाडवानं फाटले."

वर्ष गेलं. पुन्हा चैत्र आला, आणि या खेपेला सोनामायने मोंढ्यात यायचा हट्ट धरला. डोळ्यांनी आता तिला माणसांच्या सावल्याच दिसत. मी तिला हाताला धरून आणलं. सगळा मोंढा गोळा झाला. तिला पाहून किशनरावांचा चेहरा उतरला. काट्याला फसवणं वेगळं आणि मायला फसवणं वेगळं.

"इकडं ये," ती म्हणाली. "कोट वाकडा झालाय तुझा."

ते तिच्यापुढे वाकून उभे राहिले. तिचे हात कॉलरवरून फिरले, खांद्यावरून खाली आले, गुंड्या चाचपल्या आणि डाव्या बाजूच्या खिशाशी थांबले. तळहात तिथेच राहिला, लेकराचा ताप बघावा तसा. मग उजव्या बाजूला गेला. तिथेही थांबला. मग तिने कोटाच्या दोन्ही बाजू ओढून नीट जुळवल्या आणि वरपासून खालपर्यंत एकेक गुंडी लावली.

"बस आता पारड्यात," ती म्हणाली.

ते बसले. हमालांनी वजनं टाकली. काटा सरळ झाला.

"किती?" तिने मोठ्याने विचारलं.

"पासष्ट, माय," किशनराव म्हणाले. "तीन किलो जास्तीच हाय."

"मंग न्हाई जमत औंदा." सगळा मोंढा हळहळला, आणि या एवढ्या गर्दीत एकट्या सोनामायच्या चेहऱ्यावर हसू होतं. "पुढच्या सालाला बघू. देव काय पळून जायलाय का? मास्तर, भोंग्याला किती टाइम हाय?"

"पाऊण तास आहे, माय."

"मंग उतर रं लवकर. पिठलं टाकते. तू समोर असल्याबिगर मला बी घास जात न्हाई."

किशनराव पारड्यातून उतरले. तिने त्यांचा हात धरला नाही. कोटाच्या खिशावर हात ठेवून ती त्यांच्या आधाराने चालत राहिली, आणि मी त्यांच्या मागे, सहा वाजायच्या आत पोचावं म्हणून जरा घाई करत.